रसाभास आणि सहानुभूती : समलिंगी प्रेमाच्या दृश्यकथा आणि प्रेक्षकाचा कौल

समलिंगी प्रेमाचा विषय असलेला एखादा लघुपट किंवा दूरचित्रवाणी मालिकेतील एखादे कथानक पाहून झाल्यावर सुजाण मराठी प्रेक्षक जे मत देतो त्यात ‘संयत’ हा शब्द बहुधा असतोच. विषय संयतपणे हाताळला आहे, कोठेही तोल गेलेला नाही, उथळपणा येऊ दिलेला नाही, असे तो म्हणतो. हे मत प्रशंसेचे आहे, आणि देणाऱ्याच्या मनात कोणताही दुष्टावा नसतो. तरीही या प्रशंसेची तपासणी केली पाहिजे. स्त्री आणि पुरुष यांच्या प्रेमाची कथा पाहिल्यावर कोणी ‘प्रेम संयतपणे हाताळले आहे’ असे म्हणत नाही. तेथे अभिनय, संवाद, कथानकाची गती यांविषयी बोलले जाते. संयमाची अपेक्षा एका विशिष्ट प्रेमाकडूनच केली जाते आणि ती पूर्ण झाली की गुण दिले जातात. म्हणजे ज्याला आपण कलात्मक निकष समजतो तो येथे प्रवेशाची अट म्हणून वापरला जात आहे.

यातून एक प्रश्न उभा राहतो. तो सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. कलाकृती पाहताना मला जो संकोच वाटतो, माझा जो रसभंग होतो, त्याला पुरावा म्हणून काही नैतिक मूल्य आहे काय? ‘मला हे पाहवले नाही’ या विधानातून ‘हे दाखवायला नको होते’ या विधानाकडे जाण्याचा मार्ग वैध आहे काय? अलौकिकतावादी भूमिका घेतली तर हा प्रश्न निकालात निघतो, कारण मग आस्वाद लौकिक हितसंबंधांपासून अलिप्त मानावा लागतो. परंतु रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद यांतील जो ताण विस्ताराने मांडला आहे तो मान्य केला, तर साहित्य आणि नाट्य यांच्या बाबतीत एवढ्या सहज सुटका होत नाही. प्रेक्षक आपली जात, आपले घर, आपले लग्न बरोबर घेऊनच पडद्यासमोर बसतो.

आपल्या काव्यशास्त्रात या संकोचाला एक नाव आहे : रसाभास. रतीचे आलंबन किंवा तिची रीत अनुचित असेल तर जो प्रत्यय येतो तो शृंगार नसून शृंगाराचा आभास होय, असे हे शास्त्र सांगते. विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त दिलेली यादी पाहण्यासारखी आहे. उपनायकाविषयीची रती, मुनी वा गुरू यांच्या पत्नीविषयीची रती, अनेक नायकांविषयीची रती, एकतर्फी रती, प्रतिनायकाची रती, अधम पात्रांची रती आणि पशुपक्ष्यांची रती. या यादीत समलिंगी रती नाही. ती नाही म्हणून तिला मान्यता होती असा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. ती विचारात घेण्याजोगीही वाटली नसावी, असा तर्क अधिक सयुक्तिक आहे. परंतु यादीतील एक नोंद आपल्याला थांबवते : अधम पात्र. शेतात राबणाऱ्या माणसाचे प्रेम हे स्वभावतःच आभास ठरवणारी दृष्टी या यादीत आहे, आणि विसाव्या शतकातील मराठी ग्रामीण व दलित साहित्याने ती एकदाची मोडून काढली. आज कोणताही मराठी समीक्षक शेतमजुराच्या प्रेमकथेला रसाभास म्हणणार नाही. याचा अर्थ औचित्याची सीमा हलू शकते, नव्हे ती हललेली आहे. काही नोंदी रद्द होतात आणि काही राहतात; कोणत्या राहाव्यात याचे समर्थन मात्र दरवेळी नव्याने द्यावे लागते.

सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त या संकल्पनेविषयी जो वाद नोंदवला आहे तो आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. एका मताप्रमाणे रसाभास हा रस नव्हेच. न्यायशास्त्रातील हेत्वाभास जसा हेतू नसतो तसा. दुसऱ्या मताप्रमाणे अनौचित्यामुळे रसाचे स्वरूप नष्ट होत नाही, केवळ त्यात दोष शिरतो. सदोष घोड्याला अश्वाभास म्हटले तरी तो घोडाच असतो. आजचे प्रेक्षक नकळत याच दोन पक्षांत विभागलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, हे प्रेमच नव्हे. ही विकृती आहे, किंवा शहरी फॅशन आहे, किंवा वसतिगृहातील एकटेपणा आहे. दुसरा म्हणतो, प्रेम आहे हो, पण बिचारे चुकीच्या जागी पडले. दुसरा पक्ष स्वतःला उदार समजतो. परंतु दोष कोठे आहे हे त्याने आधीच ठरवून ठेवले आहे, आणि ‘संयत’ हा शब्द बहुधा त्याचाच असतो.

जगन्नाथाने आणखी एक प्रश्न विचारला आहे. द्रौपदीची पाच पतींविषयीची रती रसाभास मानावी काय? नव्यांचे मत एक, प्राचीनांचे वेगळे. प्राचीनांच्या मते विवाह झालेला असल्याने तेथे आभासाचा दोष येत नाही. येथे औचित्याचा आधार म्हणून विवाह पुढे येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी अवैध ठरवले, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे हे प्रेम आता गुन्हा नाही, पण ज्या संस्थेच्या आधारे प्राचीनांनी द्रौपदीला दोषमुक्त केले ती संस्था त्याला खुली नाही. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर कायद्याने त्याला अश्वाभासाच्या पक्षात आणून सोडले आहे.

औचित्याचा निवाडा ‘लोक’ करतो, असे उत्तर येईल. आनंदवर्धनाने अनौचित्य हेच रसभंगाचे कारण मानले आणि प्रसिद्ध औचित्याचे पालन हे रसाचे रहस्य मानले. परंतु लोक म्हणजे कोण? र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांतील हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे दोषी ठरले. या प्रकरणात कर्व्यांच्या धैर्याविषयी आपण पुष्कळ लिहितो, आणि ते योग्यच आहे; ज्या वाचकांनी ते प्रश्न पाठवले होते त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. तेही लोकच होते. त्यांच्या जिज्ञासेने अनौचित्य निर्माण झाले असे न्यायालयाला वाटले, पण त्यांच्या दृष्टीने उत्तर न मिळणे हेच अनुचित असणार. ‘लोकांना हे रुचत नाही’ असे म्हणणारा प्रेक्षक लोकांतील एका भागाला मोजणीतून आधीच वगळतो.

भरताने हास्याचा उगम शृंगारात सांगितला आणि अभिनवगुप्ताने त्याचे विवरण करताना आभासाचा संबंध हास्याशी जोडला. अनुचित रती ही पाहणाऱ्याला हसू आणते. मराठी रंगभूमी, चित्रपट आणि नंतर दूरचित्रवाणी यांनी हा मार्ग भरपूर तुडवला आहे. लचकत चालणारा पुरुष, त्याच्या अंगविक्षेपांवर पिकणारा हशा, साडी नेसलेल्या विनोदी नटाच्या मागे लागलेला दुसरा पुरुष : ‘चला हवा येऊ द्या’सारख्या लोकप्रिय कार्यक्रमानेही स्त्रीवेषातील पुरुषाचे हसू वर्षानुवर्षे टिकवले. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

पण हास्याची ही परंपरा सर्वत्र एकाच प्रकारची नाही. मी राजुऱ्याहून लिहीत आहे. वर्धा नदीच्या अलीकडचा हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. येथील मराठीच्या शेजारी तेलुगू आणि गोंडी नांदतात. जिल्ह्याच्या पूर्वेला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, झाडीपट्टी सुरू होते. तेथील दंडार आणि खडीगंमत या प्रकारांत स्त्रीची भूमिका पुरुष करीत आले. खडीगंमतीतील नाच्या रात्रभर गावासमोर नाचतो. त्याला पाहून लोक हसतात, पण केवळ हसत नाहीत. त्याच्या लावण्याचे, अदाकारीचे, आवाजाचे कौतुक जाणकारीने होते, आणि ते कौतुक करणारे पुरुष कोणत्याही सिद्धांताची वाट पाहत नाहीत. (वडसा येथून चालणाऱ्या नाटकमंडळ्यांत आता स्त्रिया काम करतात, ही दुसरी गोष्ट.) याला सहिष्णुतेची लोकपरंपरा म्हणून मिरवण्याचा मोह टाळला पाहिजे. नाच्याचे रात्रीचे कौतुक आणि त्याच्या दिवसाच्या आयुष्याला येणारी हेटाळणी या दोन्ही गोष्टी एकाच गावात असतात. आनंद यादवांच्या ‘नटरंग’चा, आणि १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाचा, विषय हाच आहे. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की ‘आमच्या गावच्या प्रेक्षकाला हे झेपणार नाही’ हे जे मत शहरातून नेहमी दिले जाते ते गावच्या प्रेक्षकाला न विचारता दिलेले असते. लिंगभावाच्या सरमिसळीतून येणारे आकर्षण या प्रेक्षकाला अपरिचित नाही. त्याला अपरिचित आहे ते या आकर्षणाला नाव, घर आणि भविष्य मागणारे पात्र.

हास्यानंतरचा दुसरा मार्ग करुणाचा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. सुमित्रा, म्हणजे मित्रा, ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठीत या विषयाची चर्चा या नाटकापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. ‘काळाच्या पुढचे’ हे विशेषण त्याला इतक्या वेळा लावले गेले आहे की त्यातून आता काहीच कळत नाही. माझ्या मते या नाटकाचे महत्त्व त्याच्या निवेदनात आहे. गोष्ट मित्राची आहे, पण सांगतो बापू. बापू मित्रावर प्रेम करतो, तिचे सत्य समजल्यावर तिला मदत करतो, तिच्यासाठी झीज सोसतो आणि शेवटी दूर होतो. मित्रा आत्महत्या करते. बापू उरतो, आणि गोष्ट त्याच्या स्वाधीन होते.

बापू म्हणजे रंगमंचावर आणून बसवलेला सहानुभूतिशील प्रेक्षक होय. त्याला जे कळते ते त्याच्या प्रेमभंगाच्या वाटेने कळते. मित्राला काय वाटत असेल याची तो कल्पना करतो, पण तिच्या आनंदाची कल्पना त्याला करता येत नाही. तिच्या यातनेचीच करता येते. तेंडुलकरांनी ही मर्यादा बापूच्या माथी मारली आणि सभागृहातील आम्ही ती स्वतःचे मोठेपण म्हणून घरी घेऊन आलो. नाटक पाहून गहिवरलेला प्रेक्षक मित्रासाठी रडतो असे त्याला वाटते, वास्तविक तो बापूबरोबर रडत असतो. हा भेद किरकोळ नव्हे. करुण रसाची निष्पत्ती होण्यासाठी मित्राचा मृत्यू आवश्यक ठरतो, आणि एकदा मृत्यू झाला की प्रेक्षकाला तिच्यासंबंधी काही ठरवावे लागत नाही. जिवंत मित्रा शेजारी राहायला आली असती तर काय, हा प्रश्न पडदा पडल्यामुळे टळतो. नाटकाच्या कथेवर रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला आणि २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा मान त्याला मिळाला. तीन दशकांनंतर हीच कथा पुन्हा निवडली गेली आणि गौरवली गेली, यावरून मराठी संवेदनेत ती किती रुजली हे कळते. आपण कोणत्या कथा निवडत नाही, हेही त्यावरून कळते.

दूरचित्रवाणीवरील मालिकेची अडचण वेगळी आहे. मालिका घरावर उभी असते : सासू, सून, दिवाणखाना, सणवार. अशा रचनेत समलिंगी पुरुषाला एकच जागा सहज मिळते, ती म्हणजे रहस्य बाळगणाऱ्या पतीची. २०१० साली सुरू झालेल्या ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या हिंदी मालिकेत कुटुंबातील एक मुलगा असा होता. अमोल पालेकरांच्या ‘थांग’ या २००६ च्या चित्रपटातही पतीच्या समलिंगी संबंधाचा शोध पत्नीला लागतो आणि चित्रपट तिच्या प्रश्नाचा ठाव घेतो. फसवल्या गेलेल्या पत्नीचा प्रश्न खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. तो अत्यंत खरा आहे, आणि आपल्याकडे असंख्य स्त्रियांनी तो न बोलता सोसला आहे. पण कथेची रचनाच अशी असली की एकाचे प्रेम दुसऱ्याच्या दुःखाचे कारण म्हणूनच दिसावे, तर प्रेक्षकाचा कौल आधीच ठरतो. लग्नाची सक्ती कोणी केली, हा प्रश्न दिवाणखान्यात विचारला जात नाही, कारण ती सक्ती करणारेच तेथे बसलेले असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना.

लघुपटाला हे ओझे नसते, आणि म्हणूनच त्याच्याविषयीची मते अधिक काळजीपूर्वक ऐकावीत. त्याचा मोह निराळा : अखेरच्या मिनिटाला उघड होणारे गुपित. वीस मिनिटे दोन मित्र दाखवायचे आणि शेवटी हातात हात. समलिंगी असणे हाच येथे कथेचा कळस होतो, जणू त्यानंतर त्या माणसांच्या आयुष्यात घडण्याजोगे काही नसते. महोत्सवांतून आणि मोबाइलवरून येणाऱ्या पुष्कळ लघुपटांत मला हा दोष दिसतो. त्यांतील अनेक विषयाच्या पुण्याईवर नावाजले जातात. हेही अन्यायाचेच आहे. एखाद्या कृतीचा विषय वंचितांचा आहे म्हणून तिच्या शैथिल्याकडे काणाडोळा करणारा समीक्षक त्या वंचितांना कलावंत म्हणून गंभीरपणे घेत नाही. त्यांच्याकडून चांगल्या कृतीची अपेक्षाच त्याने सोडलेली असते. दलित साहित्याच्या आरंभकाळात मराठी समीक्षेने हे एकदा केलेले आहे.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘उ उषाचा’ हा २०१९ चा लघुपट या मोहातून सुटला आहे. उषा शेतमजूर आहे, एकटीने मुले वाढवते, निरक्षर आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षिकेविषयी तिला ओढ वाटते आणि त्याबरोबर अक्षरांचीही ओढ लागते. विश्वनाथाच्या यादीकडे परत पाहिले तर उषाच्या रतीवर एकाहून अधिक आक्षेप येतील : पात्र अधम, आलंबन अनुचित आणि पुष्कळ अंशी एकतर्फी. तरीही प्रेक्षकाला हसू येत नाही आणि रडूही येत नाही. त्याला एक स्त्री अक्षर गिरवताना दिसते. बाराखडीतला ‘उ’ नेहमी कुणाचा तरी असतो. येथे तो तिचा स्वतःचा होतो. इच्छा आणि साक्षरता या दोन्ही गोष्टी तिच्या वाट्याला येऊ नयेत अशीच व्यवस्था होती, आणि लघुपट त्या एकमेकींच्या आश्रयाने आणतो. या लघुपटाविषयी ‘शेवटी तर काही सिद्ध झाले नाही’ असे म्हणता येईल. पण सिद्ध काय व्हायला हवे होते, हे सांगण्याची जबाबदारी मग म्हणणाऱ्यावर येते.

‘प्रेम ते प्रेमच, त्यात काय वेगळे’ हे मतही नेहमी ऐकू येते, आणि उदार प्रेक्षक ते मोठ्या समाधानाने देतो. साधारणीकरणाच्या सिद्धांताचा हा घरगुती अवतार होय. भट्टनायकाने ज्या व्यापाराने सीता ही रामाची पत्नी न राहता सामान्य कांता म्हणून प्रतीत होते तो व्यापार सांगितला. परंतु साधारणीकरणात विभावाचे विशिष्टत्व पुसले जाते तेव्हा ते कोणाच्या सोयीने पुसले जाते, याकडे लक्ष दिले पाहिजे. उषाचे प्रेम ‘प्रेमच’ आहे असे म्हणून तिची शाळेसमोर थबकणारी पावले मी विसरलो, तर मी तिला मान्यता दिलेली नाही. तिला माझ्यासारखे करून घेतले आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची कादंबरी मराठी मध्यमवर्गीय घरातली. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. २०२२ साली तिचा चित्रपट झाला तेव्हा भाषा बदलली आणि घर केरळात गेले. निर्मितीची काही कारणे असतील, त्यांच्याशी मला भांडायचे नाही. मराठी प्रेक्षकाची मात्र त्या वाड्यात शिरण्यातून सुटका झाली.

आता प्रेक्षकाच्या जागेविषयी. अभिनवगुप्ताच्या मते सर्व सामाजिकांचा प्रत्यय एकरूप झाला म्हणजे रसाचा परिपोष होतो. झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हे वर्णन अक्षरशः लागू पडते. हजार माणसे एकदम हसतात, एकदम गप्प होतात. हे लघुपट मात्र राजुऱ्यासारख्या गावात पाहिले जातात ते मोबाइलवर, कानाला यंत्र लावून, घरातले झोपल्यावर. शास्त्राप्रमाणे हा रसास्वादाचा हीन प्रकार ठरेल. पण ज्या प्रेक्षकाला पडद्यावर प्रथमच स्वतःसारखे कोणी दिसते त्याला समूहात बसून पाहणे परवडणारे नसते. समूहाच्या हशाची त्याला ओळख आहे. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दीपा मेहता यांच्या ‘फायर’ चित्रपटाचे खेळ बंद पाडण्यात आले; ‘आमच्या संस्कृतीत हे नाही’ हे मत देणारे मोठ्या आवाजात बोलत होते, आणि ज्यांना तो चित्रपट पाहायचा होता त्यांना आपण तो का पाहू इच्छितो हे सांगण्याचीही सोय नव्हती. सहृदय हा शब्द आपण एकवचनी वापरतो आणि त्याच्यात बहुवचन गृहीत धरतो. एकट्याने, चोरून पाहणारा सहृदय कोठे बसवायचा याचे उत्तर आपल्या शास्त्राने दिलेले नाही, आणि समीक्षेने तो प्रश्न अजून घेतलेला नाही. त्याचे मत कोणत्याही चर्चासत्रात नोंदले जात नाही. ‘प्रेक्षकांना हा विषय रुचला नाही’ असे आपण लिहितो तेव्हा तो त्या ‘प्रेक्षकां’त नसतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आवडनिवड ही माझी आहे. एखादी कथा मला भिडली नाही तर मी अनैतिक ठरतो काय? अर्थातच नाही. न भिडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि नैतिक दडपणाखाली दिलेली दाद ही दाद नव्हे. परंतु न भिडणे आणि रसभंग होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. न भिडलेल्या कृतीविषयी आपण उदासीन असतो. रसभंग करणाऱ्या कृतीविषयी आपण रागावतो किंवा अटी घालतो. त्या रागात, त्या अटींत एक निवाडा दडलेला असतो. ज्याला निवाडा करायचा आहे त्याने कारणे द्यावीत, आणि ती कारणे पडद्यावरच्या माणसांना समोर बसवून सांगता येण्याजोगी असावीत, एवढी अपेक्षा गैर नाही. संकोच हे कारण नव्हे. तो कारणे शोधायला लावील तर उपयोगी.

कानवडे यांच्याच ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. तो लघुपट नाही, पण प्रस्तुत चर्चेसाठी त्याची रचना महत्त्वाची आहे. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दहा दिवसांसाठी आनंद शहरातून गावी येतो आणि बालपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, त्याचे नाते पुन्हा जुळते. आईला मुलाविषयी ठाऊक आहे. नातेवाईक लग्नाचा आग्रह धरतात. शृंगार आणि करुण हे परस्परविरोधी रस, आणि दिग्दर्शकाने एक दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवला आहे. आनंदवर्धनाने विरोधी रसांपैकी एक अंगी आणि दुसरा अंग झाला तर विरोध मिटतो असे सांगितले आहे. येथे अंगी कोणता आणि अंग कोणता हे अखेरपर्यंत ठरत नाही. सुतकात बसलेल्या मुलाचे दुःख त्याच्या प्रेमामुळे कमी होत नाही आणि प्रेमही दुःखाच्या नावाखाली क्षम्य ठरवून घेत नाही. या चित्रपटाविषयी ऐकू येणारी एक तक्रार अशी की ‘त्यात काही घडतच नाही’. कोणी मारहाण करीत नाही, कोणी विहिरीत उडी घेत नाही, भर पंगतीत कोणाचे गुपित फुटत नाही. दहा दिवस सरतात, आणि दोन माणसे पुढे कोठे राहायचे याचा विचार करतात.